आवाज पोचेल एवढीच खोली

रेकॉर्डिंगचा हा छोटा माइक राहू द्या, तो मोठा मात्र बंद करा. मागच्या रांगेत ऐकू येतंय का? येतंय ना? मग आजच्या विषयाला याहून बरी सुरुवात मला सापडली नसती.

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला अडवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले नेहमी ग्रंथांवरच बोलता. गाण्याबजावण्याचा इतिहास तुम्हाला इतिहास वाटत नाही का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज गाण्यावरच बोलतो. पण मोठ्या गवयांवर नाही, मोठ्या महोत्सवांवरही नाही. ज्या खोलीत पन्नास-साठ माणसं दाटीवाटीनं बसतात, समोर एखादा गिटार किंवा बँजो घेऊन उभा राहतो आणि मध्ये फारसं काही यंत्र नसतं, अशा खोलीचा हा इतिहास आहे. त्यासाठी मी तुम्हाला १९५८ ते १९६८ या दहा वर्षांतल्या अमेरिकेत नेणार आहे. तिथली कागदपत्रं, आठवणी, ध्वनिमुद्रणं भरपूर उपलब्ध आहेत, आणि त्यातली एक खोली मी स्वतः पाहिली आहे. शेवटी थोडं आपल्याकडचं बोलेन, आणि ते माझ्या एका चुकीबद्दल असेल.

सवयीप्रमाणे एका ग्रंथाचा आधार मात्र घेतोच, क्षमा करा. ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या सातव्या भागात नगर केवढं असावं याची चर्चा आहे. तो म्हणतो, वनस्पती, प्राणी, अवजारं यांना जसं माप असतं, तसं नगरालाही असतं. माणसांची संख्या मर्यादेबाहेर गेली, तर तिथे दवंडी कोण पिटणार? त्याला स्टेंटरचा आवाज लागेल. हा स्टेंटर होमरच्या 'इलियड'मधला. पन्नास माणसांचा मिळून जेवढा आवाज, तेवढा त्या एकट्याचा. आणि पुढे ॲरिस्टॉटल असंही म्हणतो, की न्याय करायचा असेल, पदं द्यायची असतील, तर नागरिकांना एकमेकांचा स्वभाव माहीत असायला हवा. म्हणजे पाहा, दोन मापं झाली. आवाज पोचला पाहिजे आणि ओळख राहिली पाहिजे. आजचं माझं सगळं म्हणणं या दोन मापांभोवती फिरणार आहे.

२०१४ साली मी आणि माझी पत्नी मुलीकडे न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला होतो. तिथून उत्तरेला गाडीनं अर्ध्यापाऊण तासावर सॅराटोगा स्प्रिंग्स नावाचं गाव आहे. औषधी पाण्याचे झरे आणि उन्हाळ्यातल्या घोड्यांच्या शर्यती यांसाठी ते प्रसिद्ध. तिथे 'कॅफे लीना' नावाचं कॉफीहाऊस आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, आज तिथे गावातली माणसं गातात, चला." तेव्हा वर जायला एक उभा, अरुंद जिना होता. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात, त्यामुळे तो जिना मला चांगलाच लक्षात आहे. वर एक साधी खोली, छोटी छोटी टेबलं, आणि पाय उचलून सहज चढता येईल एवढाच उंच मंच. शंभर माणसंही मावणार नाहीत अशी जागा.

त्या संध्याकाळी एकही नावाजलेला गायक नव्हता. नाव नोंदवायचं आणि दोन गाणी म्हणायची, असा शिरस्ता. साठीतला एक गृहस्थ बँजो घेऊन आला. हात कामकऱ्याचे होते. दुसऱ्या कडव्यानंतर तो अडला. पुढचे शब्दच आठवेनात. मी आपला खाली बघू लागलो, कारण आपल्याकडे असं झालं की आपण ओशाळतो. तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या एका म्हातारीनं शब्द सांगितले, अगदी स्वयंपाकघरातून मीठ पुढे करावं तसे. तो हसला आणि गाणं पुरं केलं. टाळ्या दोघांनाही मिळाल्या.

घरी येताना मी विचार करत होतो, की ही खोली कशी तयार झाली असेल? शब्द सांगणारी म्हातारी आपोआप तयार होत नाही. त्यामागे काहीतरी इतिहास असला पाहिजे.

तो इतिहास असा. १९५० साली अमेरिकेत 'द वीव्हर्स' या चौघांच्या गटाचं एक लोकगीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. लोकगीतांना मोठी बाजारपेठ आहे, हे कंपन्यांना तेव्हा कळलं. पण तो काळ कम्युनिस्टांच्या शोधाचा होता. या गटाचं नाव काळ्या यादीत गेलं. रेडिओ, टेलिव्हिजन, मोठी सभागृहं यांचे दरवाजे बंद झाले. त्यांच्यातला पीट सीगर १९५५ साली प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीसमोर उभा राहिला आणि आपले विचार, आपले मित्र यांविषयी उत्तरं द्यायला त्यानं नकार दिला. पुढे खटला झाला, १९६१ साली शिक्षा झाली, १९६२ साली वरच्या न्यायालयानं ती रद्द केली. या सगळ्या वर्षांत सीगर कुठे गात होता? शाळांत, कॉलेजांत, मुलांच्या उन्हाळी शिबिरांत. मोठं व्यासपीठ काढून घेतल्यामुळे तो लहान खोल्यांत गेला, आणि तिथे त्यानं पोरांना नुसतं ऐकायला नाही तर बरोबर गायला शिकवलं. दहा वर्षांनी कॉफीहाऊसमध्ये येऊन बसणारा श्रोता असा घडला होता.

दुसरं कारण तबकड्यांचं. १९५२ साली फोकवेज कंपनीनं हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाकडून सहा तबकड्यांचा संच करून घेतला. त्यात १९२० आणि ३०च्या दशकांतली, तोवर विस्मरणात गेलेली ८४ ध्वनिमुद्रणं होती. डोंगराळ भागातले बँजोवाले, मिसिसिपीतले कृष्णवर्णी गायक, चर्चमधले मेळे. गोरा कोण, काळा कोण हे त्या संचात मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. शहरातल्या तरुण मुलांनी हा संच घोकला.

तिसरं कारण अगदी साधं आहे, कॉफी. दारूच्या गुत्त्यात अल्पवयीन मुलांना प्रवेश नसायचा, आणि तिथे कोणी कोणाचं ऐकतही नसे. कॉफीहाऊसमध्ये कॉलेजची मुलं एका पेल्यावर दोन तास बसू शकत. मालकाला त्यातून फार पैसे मिळत नसत, पण श्रोता शुद्धीवर असायचा. हे तुम्हाला गमतीचं वाटेल, पण कलेच्या इतिहासात अशा गोष्टींना मोठं स्थान असतं.

आणि चौथी गोष्ट कायदा. न्यू यॉर्क शहरात १९२६ पासून 'कॅबरे कायदा' होता. जिथे खाणंपिणं विकलं जातं तिथे संगीत किंवा नाच करायचा असेल तर वेगळा परवाना हवा. १९४० पासून १९६७ पर्यंत तर अशा ठिकाणी काम करणाऱ्या कलावंतालाही पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यावं लागे. थेलोनियस मंकसारख्या थोर पियानोवादकाचं ओळखपत्र १९५१ साली काढून घेतलं गेलं आणि त्याला आपल्याच शहरातल्या क्लबांत कित्येक वर्षं वाजवता आलं नाही. परवान्यावाचून जी थोडी मोकळीक मिळे, त्यातही पुढे अशी अट होती की वादक तिघांपेक्षा जास्त नसावेत आणि पितळी वाद्यं, तालवाद्यं नसावीत. गिटार चालेल, सॅक्सोफोन चालणार नाही! ही मर्यादा न्यायालयांनी १९८०च्या दशकात मोडीत काढली आणि मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं.

हा विचित्रपणा एकट्या न्यू यॉर्कचा नाही. इंग्लंडातल्या पबांमध्ये १९६४च्या कायद्यानुसार दोन कलावंतांपर्यंत वेगळा परवाना लागत नसे. तिसरा उभा राहिला की लागे. २००३च्या नव्या कायद्यानं ही दोघांची सवलतही काढून घेतली. लहान जागांना त्याचा जाच झाला, आणि २०१२ साली त्यांच्यासाठी पुन्हा स्वतंत्र कायदा करून सूट द्यावी लागली. सांगायचा मुद्दा असा, की लहान खोलीतलं गाणं निरुपद्रवी दिसतं, पण राज्यकर्त्यांना ते कधीही तसं वाटलेलं नाही. ते वादक मोजतात, वाद्यं मोजतात, डोकी मोजतात.

न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात तर हे रस्त्यावरही आलं. वॉशिंग्टन स्क्वेअर नावाच्या चौकात कारंज्याभोवती दर रविवारी मंडळी जमून गायची. १९६१च्या वसंतात उद्यान आयुक्तांनी परवानगी नाकारली. त्याच भागात इझी यंग नावाचा माणूस 'फोकलोअर सेंटर' नावाचं पुस्तकं-तबकड्यांचं दुकान चालवायचा. ९ एप्रिल १९६१ ला तो काहीशे गाणाऱ्यांना घेऊन चौकात गेला. पोलिसांशी झटापट झाली, काहींना पकडलं. काही आठवड्यांत रविवारच्या गाण्याला पुन्हा परवानगी मिळाली. गाण्यासाठी केलेला हा छोटा सत्याग्रहच म्हणायचा.

तिथल्याच 'गॅसलाइट' नावाच्या तळघरातल्या कॉफीहाऊसची गोष्ट डेव्ह व्हॅन रॉन्क हा गायक सांगायचा. वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडं होती. टाळ्यांचा आवाज हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या पोकळीतून वर जायचा आणि लोक तक्रार करायचे. म्हणून श्रोते टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवू लागले. पुढे साऱ्या जगात चुटक्या वाजवणं ही कवी-कलावंतांची ढब समजली गेली. मूळ कारण काय, तर वरचे भाडेकरू झोपले आहेत. लहान जागेत शेजाऱ्याची झोपही गाण्याच्या इतिहासात शिरते.

आता केंब्रिजला जाऊ. इंग्लंडातलं नव्हे, मॅसॅच्युसेट्समधलं, हार्वर्ड विद्यापीठाचं. १९५८च्या जानेवारीत जॉइस कॅलिना आणि पॉला केली या नुकत्याच पदवीधर झालेल्या दोघींनी माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ४७ क्रमांकाच्या जागेत 'क्लब ४७' सुरू केला. तो होता जॅझसाठी. त्याच वर्षी सतरा वर्षांची एक मुलगी तिथे गायला आली. तिचं नाव जोन बाएझ. मानधन दहा डॉलर. पहिल्या रात्री श्रोते किती? सात-आठ, आणि त्यातले आईवडील, बहीण, काही मैत्रिणी. मात्र तिला पुन्हा बोलावलं गेलं, ती नियमानं गात राहिली, खोली भरू लागली. १९५९च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात ती हजारो लोकांपुढे उभी राहिली आणि रातोरात प्रसिद्ध झाली असं म्हणतात. हे 'रातोरात' मला मान्य नाही. त्या रात्रीच्या मागे केंब्रिजमधल्या कितीतरी लहान रात्री होत्या. सात माणसांपुढे गाण्याची हिंमत आणि त्या सातांचा धीर, हे दोन्ही त्यात जमा आहे.

इथे तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, सर लहान खोलीच्या प्रेमात पडलेत. तेव्हा एक अवघड गोष्ट सांगतो. मिसिसिपी जॉन हर्ट नावाचा एक कृष्णवर्णी शेतमजूर होता. १९२८ साली ओके कंपनीनं त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि तो मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन या आपल्या वस्तीला परतला. शेतात राबला, गुरं राखली. हॅरी स्मिथच्या त्या संचात त्याची दोन गाणी होती. शहरातली मुलं ती ऐकून बोटं गिरवत होती आणि सगळ्यांना वाटत होतं की हा माणूस कधीच वारला असेल. १९६३ साली टॉम हॉस्किन्स या तरुणानं हर्टच्या एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढला आणि त्याला गाठलं. तेव्हा हर्ट सत्तरीला आला होता, आणि त्याच्याकडे स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. मग वॉशिंग्टनमधल्या 'ओंटारिओ प्लेस' या कॉफीहाऊसमध्ये तो गाऊ लागला, न्यूपोर्टला गेला, आणि १९६६ साली वारला. आयुष्याच्या शेवटी तीन वर्षं त्याला श्रोते मिळाले.

ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण १९६३ साल आठवा. त्याच जूनमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या नागरी हक्क कार्यकर्त्याचा त्याच्या घरासमोर गोळी घालून खून झाला. ज्या म्हाताऱ्याला वॉशिंग्टनची गोरी मुलं जमिनीवर मांडी घालून ऐकत होती, त्याला त्याच्या राज्यात गोऱ्यांच्या उपाहारगृहात शेजारच्या खुर्चीवर बसता येत नव्हतं. म्हणजे लहान खोलीत माणूस माणसाच्या जवळ येतो हे खरं, पण ती खोली कोणाची, दार कोण उघडतो, हा प्रश्न उरतोच. आणि पस्तीस वर्षं हर्टच्या स्वतःच्या वस्तीत तो शनिवारी रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी गात होताच की. शोध लागला असं आपण म्हणतो. शोध लागला तो शहराला. वस्तीला तो कधी हरवलेलाच नव्हता.

अशा वेळी लहान खोलीनं मोठ्या मैदानाला काय दिलं हेही पाहिलं पाहिजे. आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतो. त्याचं इंग्रजी मूळ १९४५-४६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला तंबाखू कारखान्याच्या संपावर बसलेल्या, बहुतेक कृष्णवर्णी, कामगार बाया गात होत्या. त्यांच्यातल्या काही जणी टेनेसीमधल्या 'हायलँडर' या कामगार शाळेत आल्या. तिथे झिल्फिया हॉर्टननं ते उचललं, तिच्याकडून पीट सीगरनं, पुढे गाय कॅरावाननं. १९६०च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी चळवळीच्या बैठकीत कॅरावाननं ते म्हटलं, आणि तीन वर्षांत ते लाखोंच्या तोंडी गेलं. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कोणालातरी समोरासमोर शिकवलं आहे. प्रत्येकानं थोडे शब्द, थोडी लय बदलली. तो प्रवास पिकेटवरून शाळेत आणि शाळेतून बैठकीत झाला. १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चाला अडीच लाख माणसं जमली. तेवढ्या माणसांना एकदम गाता आलं, कारण त्यांतल्या पुष्कळांनी ते आधी पंचवीस-तीस जणांत गायलं होतं. तेव्हा मोठं मैदान वाईट, असं माझं म्हणणं नाही. मैदानाचं बी खोलीत पेरलेलं असतं, एवढंच.

आता परत सॅराटोगाच्या त्या जिन्यापाशी येतो. कॅफे लीना १९६०च्या मे महिन्यात सुरू झालं. लीना स्पेन्सर ही इटालियन वंशाची बाई, मूळ नाव पास्क्वालिना. नवरा बिल कलावंत होता. दोघांचा बेत असा, की दोनचार वर्षं कॉफीहाऊस चालवायचं, पैसे साठवायचे आणि युरोपात जाऊन राहायचं. पैसे काही साठले नाहीत. पुढे नवरा सोडून गेला. लीना राहिली, आणि जवळजवळ तीस वर्षं तिनं ती खोली चालवली.

१९६१ साली वीस वर्षांचा बॉब डिलन तिथे गायला आला. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. लोक आपापसात बोलत होते. सांगतात की बिल स्पेन्सर मंचावर गेला आणि त्यानं श्रोत्यांना चांगलंच फटकारलं, की समजत नसलं तरी आधी ऐका. पाहा, गायकाला कोणी काही बोललं नाही, बोलणी श्रोत्यांनी खाल्ली. खोलीची शिस्त अशी एकेका रात्रीत बसत गेली. आपल्या काव्यशास्त्रात सहृदय असा शब्द आहे. अभिनवगुप्तानं त्याची फार सुंदर फोड केली आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनानं ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालं, तो सहृदय. म्हणजे तो जन्मतः तसा नसतो, सरावानं होतो. मग सराव करायला जागा कुठे? माझ्या मते लहान खोली ही श्रोत्यांची तालीम आहे. मला शब्द सांगणारी ती म्हातारी दिसली, ती या तालमीतली.

ॲरिस्टॉटलचं दुसरं माप आठवा, ओळखीचं. १९६६ साली रोझली सॉरेल्स ही युटामधली गायिका नवऱ्याला सोडून पाच मुलांसह पूर्वेकडे आली. लीनानं तिला आसरा दिला. १९६८ साली युद्धविरोधी पक्षातर्फे निवडणूक लढवल्यावर युटामध्ये काम मिळेनासं झालेला युटा फिलिप्सही पुढे याच गावी आला. मोठ्या सभागृहाचा व्यवस्थापक कलावंताला मानधनाचा धनादेश देतो, आणि त्यानं नियमाप्रमाणे ते केलं की झालं. पाच मुलांना घेऊन आलेल्या बाईला तो घरात ठेवून घेणार नाही. ते त्याचं काम नाही. लीनाचं होतं का? कागदोपत्री नव्हतंच.

याची किंमत मात्र तिनं मोजली. ती कायम पैशांच्या ओढाताणीत असायची. आणि १९८९ साली त्याच जिन्यावरून ती पडली आणि त्या दुखापतीतच गेली. जिना चढताना मला हे माहीत नव्हतं. उतरताना मुलीनं सांगितलं. मग मी कठडा धरून फार सावकाश उतरलो.

तिच्यामागे कॉफीहाऊस बंद पडलं नाही. मित्रांनी आणि नेहमीच्या श्रोत्यांनी ना-नफा संस्था करून ते चालवलं, पुढे ती इमारतच विकत घेतली, २०१६ साली मोठी डागडुजी केली. केंब्रिजच्या क्लब ४७चं तसं झालं नाही. तो १९६८ साली बंद पडला. पुढे 'पॅसीम' या नावानं गाणं पुन्हा सुरू झालं ते वेगळ्या माणसांच्या खटपटीनं. मधल्या काळात तरुणांचं मन विजेच्या गिटारीकडे, मोठ्या मैदानांकडे गेलं होतं. सॅराटोगातच १९६६ साली एक भव्य खुलं नाट्यगृह उभं राहिलं, छपराखाली पाच हजारांवर खुर्च्या आणि पुढे हिरवळ. तेही उत्तम चाललं आहे. एका गावात दोन्ही नांदतात. पण हिरवळीवरच्या माणसानं गायकाला विसरलेला शब्द सांगितला, तर तो पोचणार नाही.

आता शेवटचं, आणि मला जरा जड जाणारं. आमच्या कॉलेजात, मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट आहे. तत्त्वज्ञान विभागाला विद्यार्थी कमी, म्हणून आम्हाला एक जुना पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग दिलेला होता. महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी तिथे जवळच्या वाडीतले एक भजनी बुवा यायचे. बरोबर पखवाजवाला, दोन टाळकरी, आणि बुवांची एकतारी. चाळीसेक माणसं जमायची. मुलं, शिपाई, प्रयोगशाळेतला मदतनीस, बाजारातले दोघेतिघे. बुवा अभंग म्हणत आणि मध्येच थांबून एखाद्या पोराला विचारत, "याचा अर्थ काय रं?" पोरगा अडखळत सांगे, मग बुवा तिथूनच पुढे धरत. संतांच्या ओळींवर मी वर्गात जेवढं शिकवलं असेन, त्याहून जास्त मुलं तिथे शिकली.

मला वाटलं, एवढा गुणी माणूस चाळीस जणांत का अडकून पडावा? मीच खटपट केली. प्राचार्यांना पटवलं, मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. ध्वनिक्षेपक, दिवे, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ. सहाशे माणसं आली. बुवा मंचावर बसले. तोंडावर दिव्यांचा झोत. पहिला अभंग म्हटला, थांबले, डोळ्यांवर हात धरून समोर पाहू लागले. मी पडद्याआड होतो. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सर, कुणीच दिसंना झालंय. कुणाकडं बघून म्हणू?"

मी म्हणालो, "बुवा, म्हणा तुम्ही, सगळे ऐकताहेत." त्यांनी म्हटलं. टाळ्याही मोठ्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात आम्ही पुन्हा सभागृहच ठेवलं, कारण आता वर्गात बोलावणं कमीपणाचं वाटू लागलं होतं. दीडशे आले. तिसऱ्या महिन्यात बुवांचा निरोप आला, की प्रकृती बरी नाही. त्यानंतर ते आले नाहीत, आणि मीही त्यांच्या वाडीला गेलो नाही. जायला पाहिजे होतं. पायऱ्यांच्या त्या वर्गात पुढे जुनी बाकं रचून ठेवली. कोणी बंदी घातली नव्हती, परवाना नाकारला नव्हता. मी वाढवायला गेलो आणि ते संपलं.

मंडळी, कॅफे लीनात त्या म्हातारीनं शब्द सांगितले, तेव्हा मला बुवाच आठवले. त्यांचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत घालण्यासारखा होता आणि मी त्याला व्यवस्थेचा प्रश्न समजलो. आवाज पोचवण्याची सोय आम्ही केली होती. ओळखीचं माप आम्ही विसरलो.

म्हणून एवढंच विनंतीवजा सांगतो. तुमच्या गावात, पेठेत, सोसायटीत एखादं भजनी मंडळ, एखादा पोवाडा म्हणणारा, गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारी दोन पोरं असतील. त्यांना लगेच मोठं सभागृह मिळवून द्यायची घाई करू नका. एक खोली द्या. दर महिन्याला तीच खोली, तोच वार ठेवा. आलेल्यांनी मध्ये बोलू नये याकडे कोणीतरी लक्ष द्या. आणि हे सगळं एकाच लीनावर सोपवू नका. चार-पाच जण मिळून करा, म्हणजे एकाच्या पायाखालचा जिना निसटला तरी खोली उघडी राहील. पैसे फार लागत नाहीत, पण अजिबातच लागत नाहीत असंही नाही. गाणाऱ्याला चहावर परत पाठवू नका. ग्रीनिच व्हिलेजमध्ये कितीतरी ठिकाणी नुसती टोपली फिरवून कलावंताची बोळवण करत, तेवढा भाग आपण घ्यायची गरज नाही.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर जागेवरूनच विचारा, माइक मागू नका. इथून मला तुम्ही सगळे दिसता आहात.